गॅस न पेटलेला दिवस

शेजारी खट्ट्या दालीला लसणाची फोडणी बसली आणि मला नल्लकुंट्यातली ती सकाळ आठवली. वेगळ्या तेलंगणा राज्यासाठी रोज बंद चालायचे तेव्हा. आमच्या म्हाताऱ्या मांजरीच्या पोटावरची गाठ कॅन्सरची निघाली होती. ऑपरेशनआधी तिला उपाशी ठेवायचं होतं, म्हणून वासाने ती कळवळू नये याकरता आईने गॅसच पेटवला नाही. आमच्याकडे फोडणी वाजली नाही, हे ध्यानात येऊन शेजारच्या खाला, म्हणजे मावशी, दालीचा डबा घेऊन दारात आल्या. हळूच म्हणाल्या, "कौन गुजर गये, बाजी?" आई म्हणाली, "कोई नैं, बिल्ली का आपरेशन है." खाला ओशाळल्या, पण डबा ठेवून गेल्या. मांजर त्या डब्याभोवती रडत फिरली. दुपारी आम्ही तिला नेलेली टोपली रिकामी घेऊन दवाखान्यातून परतलो, तरी आईने गॅस पेटवला नाही. तोच डबा उघडून गार दाल सगळ्यांना वाढली. आज तो वास सोसवेना, मी उठून खिडकी लावून घेतली.