तीन फेऱ्यांची गाठ

आमच्या कॉलेजात शस्त्रक्रियेचं कौशल्य शिकवायला एक खास खोली आहे. इस्लामपूरच्या रस्त्यावरून वाचता येईल एवढी मोठी तिची पाटी आहे. आत काचेच्या कपाटात टाके घालायच्या सरावासाठी आणलेली सिलिकॉनची परदेशी कातडी आहे. गेल्या वर्षीपर्यंत तिला एकही टाका पडला नव्हता. उद्घाटनाला हळदकुंकू मात्र पडलं. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे असते आणि तो ती फक्त कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीच्या दिवशी काढतो. एरवी मुलं खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या पायांवर शिकतात आणि मी, प्राध्यापक, त्यांना हसतो. अपमान केल्याशिवाय सर्जन घडत नाही, हे माझ्या सरांनी माझा अपमान करूनच शिकवलं होतं.

गेल्या वर्षी पलूसकडची एक मुलगी माझ्या तुकडीत होती. टाके देखणे घालायची, पण गाठ मारायची सुरगाठ. शेपूट ओढलं की मोकळी. घरी चार म्हशी, लहानपणापासून दावी बांधलेली. हात आपोआप तिकडेच वळायचा.

"रक्तवाहिनी बांधतेस की रेडकू?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"सर, आमच्यात अशीच बांधत्यात," ती बोलून गेली. "गोठ्यात आग लागली तर एका हिसक्यात सुटाय पायजे."

"इथे सुटली तर पेशंट मरतो, बाई." वर्ग हसला. मला बरं वाटलं. तिच्या लॉगबुकात गाठीपुढे मी सही केली नाही. ती सही नसेल तर फायनलला बसता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तीनदा ती लॉगबुक घेऊन आली, तीनदा मी तिची गाठ ओढून सोडवली आणि तीनदा म्हशींची ख्यालीखुशाली विचारली.

पुढे तिला शिकवलं ते ऑपरेशन थिएटरातल्या जुन्या सिस्टरांनी. जेवणाच्या सुट्टीत, सलाईनच्या स्टँडला दोरा बांधून. "एक फेरा उजवीकडनं, एक डावीकडनं, परत उजवीकडनं. घाई करू नगंस, पोरी." मी दारातून पाहिलं. आत गेलो नाही.

"आवं सर, लय हलका हात हाय पोरीचा," सिस्टर नंतर मला म्हणाल्या. मी म्हटलं, बघू.

मग तपासणी आली. बकऱ्याचे पाय पोत्यात भरून मागच्या दाराने गेले, खोलीत मोगऱ्याचा फवारा मारला आणि कपाट उघडलं. तपासणीला आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "सर, तुम्हीच एक गाठ बांधून दाखवा. तीनच फेरे."

आता खरं सांगतो. मी घाईत सगळे फेरे एकाच बाजूने मारतो. तशी गाठ घसरते, म्हणून सात-आठ फेरे मारतो आणि निभावून नेतो. इतकी वर्षं कुणी मोजले नव्हते. बाईंनी दोरा चिमटीत धरून ओढला आणि सगळ्या वर्गासमोर माझी गाठ सर्रकन सुटली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"सिलिकॉन फार बुळबुळीत आहे," मी म्हणालो. नाचता येईना, अंगण वाकडं.

"विद्यार्थ्यांपैकी कुणी?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पलूसची मुलगी पुढे आली. उजवा, डावा, उजवा. बाईंनी ओढलं, मग पुन्हा जोरात ओढलं. कातडी वर उचलली गेली, पण गाठ हलली नाही.

"कुणी शिकवलं?"

तिने दाराशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी किंचित मान हलवली, नको म्हणून. मग ती म्हणाली, "सरांनी."

मी नम्रपणे हसलो. ते हसणं आठवलं की अजून लाजेनं कान तापतात.

बाई गेल्यावर मुलीने लॉगबुक पुढे केलं. मी खिसे चाचपले, पेन नव्हतं. ट्रे खाली ठेवून सिस्टरांनी आपलं काढून दिलं. 'शिकवणाऱ्याची सही' असं छापलेल्या रकान्यात मी माझी सही केली. सिस्टरांनी पेन परत घेतलं, टोपण लावलं आणि ट्रे उचलून कामाला गेल्या.