यमालासुद्धा रजा मिळाली

सण कोणताही असो, त्याचं मूळ आमच्या बसमधल्या गृहस्थांना ठाऊक नाही, असं आजवर झालेलं नाही. रहाटणीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये अकरा वर्षं ते माझ्या शेजारी बसले आणि अकरा वर्षांत मला एकदाही धड डुलकी काढता आली नाही. संक्रांतीला काळं का नेसतात, नरकचतुर्दशीला कारीट का फोडतात, दसऱ्याला आपट्याचीच पानं का, सगळं तोंडपाठ. एका एकादशीला कुणीतरी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला, तर हे म्हणाले, "साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं समुद्रापलीकडून आलंय. आपल्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनी यातलं काही चाखलंसुद्धा नव्हतं." चमचा हवेतच धरून त्या बिचाऱ्यानं विचारलं, "मग भाऊ, ते उपवासाला काय खायचे?" "उपाशी राहायचे, राव!" खंडेनवमीला मशीनपुढे नारळ फोडण्याआधी यांनी शस्त्रपूजेची कुळकथा काढली आणि अख्खी शिफ्ट अर्धा तास हात जोडून उभी राहिली. साहेबांचीही मध्ये बोलायची छाती झाली नाही.

या विद्वत्तेनं एकदा मात्र घात केला. देहूरोडला भाचीचं लग्न होतं आणि नवरीला बोहल्यावर आणायचा मामाचा मान यांचा. मंगलाष्टकं सुरू होणार, तेवढ्यात यांना अंतरपाटाचा इतिहास आठवला. दुर्दैवानं माइकही हाताशी होता. मुहूर्त टळला, वरपक्ष रुसला आणि धाकट्या बहिणीनं सांगितलं, "दादा, आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस." तेव्हापासून हे भाऊबिजेला मुद्दाम ओव्हरटाइम मागून घेत. त्या दिवशी बसमध्ये नुसते खिडकीबाहेर बघत बसत. मला ते बघवत नसे.

गेल्या भाऊबिजेला मी मुद्दाम मोटारसायकल घेऊनच स्टॉपवर गेलो आणि विचारलं, "भाऊ, भाऊबीज कुठून आली हो?"

सवयीनं त्यांची कथा सुरू झाली. "यमुना यमाला सारखी बोलवायची. त्याला कामातून सवड कुठली! शेवटी एकदाचा गेला. तिनं ओवाळलं, पोटभर जेवू घातलं..."

"म्हणजे यमालासुद्धा रजा मिळाली," मी म्हटलं, "आणि तुम्हाला कंपनीतून मिळत नाही?"

बस आली, बस गेली, ते चढले नाहीत. मग हळूच म्हणाले, "तिनं दार लावून घेतलं तर?"

"तर परत येऊ. बसा गाडीवर."

देहूरोड येईपर्यंत त्यांनी मागून माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

दार बहिणीनंच उघडलं. यांनी मान खाली घातली. "चुकलो गं," एवढंच म्हणाले.

ती बाजूला झाली. आत रांगोळी काढून पाट मांडलेला होता.

"कुणी येणार होतं का?" यांनी विचारलं.

"चार वर्षं मांडतेय," ती म्हणाली. "दिवसभर वाट बघते आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळते."

चंद्राला का ओवाळतात ते सांगायचं सोडून गृहस्थ पाटावर जाऊन बसले.