मावशींच्या फॉर्मवर माझा नंबर

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. आज तुला सांगते.

मी म्युच्युअल फंडाची एजंट, अंबरपेठेत राहते. आमच्या धंद्यात एक सवय आहे — वाईट, पण बहुतेकांना लागलेली. वयस्कर माणसाचा फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ई-मेल आपलाच टाकायचा. ओटीपी आपल्याकडे येतो, काम पटकन उरकतं. नियमाने नंबर गुंतवणूकदाराचाच हवा. पण कोण बघतंय?

सुमनमावशींचा फॉर्म मी असाच भरला. मावशी आईची मैत्रीण. सुलतान बाजारात जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात त्यांनी तीस वर्षं साड्यांना फॉल-पिको केलं. दुकान किरायाचं, पण म्हाताऱ्या मालकाने शब्द दिला होता, विकलं तर तुम्हालाच. त्यासाठी साठवलेलं सगळं त्यांनी माझ्या हाती दिलं. म्हणाल्या, "वाढलं नाही तरी चालेल गं, बुडू नको देऊ." मी त्यांना बेताचा, सावध फंड निवडून दिला. इथवर तरी मी सरळ होते — होते ना?

मग फंडांची नव्याने वर्गवारी करायचा नियम आला. मावशींचा फंड कंपनीने दुसऱ्या गटात टाकला. आता त्यातला बराचसा पैसा शेअरमध्ये जाणार होता. ज्यांना हा बदल नको, त्यांना तीस दिवसांत काहीही न कापता बाहेर पडायची मुभा होती. तसं पत्र प्रत्येकाला गेलं. मावशींचं पत्र आलं माझ्या फोनवर.

नजरेतून सुटलं म्हणायला किती आवडलं असतं मला! नाही सुटलं. दोनदा वाचलं. मावशींना कळवलं असतं तर त्या त्याच दिवशी बाहेर पडल्या असत्या. पैसा फंडात असेपर्यंतच मला कमिशन, मग ते बंद — त्याच महिन्यात एक मोठं गिऱ्हाईक सुटलं होतं. शिवाय त्यांनी विचारलं असतं, माझं पत्र तुझ्याकडे कसं? मला भीती कशाची जास्त होती, त्या प्रश्नाची की कमिशनची? खरं सांगू? कमिशनची.

तीस दिवस मी सुलतान बाजाराकडे फिरकले नाही. आणि नेमक्या मावशीच भेटल्या, गौलीगुड्याला बसची वाट बघत. पेपरात वाचलं होतं त्यांनी — नियम बदललेत म्हणे, आपलं बरं आहे ना? अजून आठवडा हातात होता. मी काय बोलले असेन? "हौ मावशी, नियम कडक झाले म्हणजे पैसा उलट जास्त सुरक्षित." त्या निश्चिंत झाल्या. पिशवीतला पेरू काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्लासुद्धा. काय निर्लज्ज बाई मी!

पुढे बाजार कोसळला, आणि त्याच सुमारास मालक वारला. मुलांनी दुकान विकायला काढलं, थांबायला तयार होईनात. फंडात जे उरलं होतं ते पुरेना. दुकान एका बांगडीवाल्याने घेतलं. मावशी आता घरीच खिडकीशी मशीन लावून बसतात. सुलतान बाजारातलं गिऱ्हाईक तिथवर कशाला येतंय? वर त्या माझीच समजूत घालत होत्या — "नियमच बदलला, त्याला तू काय करशील?" मी मान हलवली. तेव्हापासून चार लोकांत मीही तेच रंगवून सांगते, की सरकारी नियमांनी चांगल्या फंडांची पार वाट लावली. लोकांना पटतं.

मागच्या महिन्यात कंपनीने तगादा लावला, प्रत्येकाचा स्वतःचा नंबर तपासून द्या. मावशींकडे गेले. त्यांच्या फोनवर पहिल्यांदाच ओटीपी आला. चष्मा लावून एकेक आकडा वाचला त्यांनी, किती कौतुकाने! मग म्हणाल्या, "हे आधी का गं येत नव्हतं मला?"

मी म्हणाले, तेव्हा तसा नियम नव्हता.

"बरं झालं हो, आता केला," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

नियम तेव्हाही होता. मी चहा घेऊन घरी आले.