खाज उतरलेला परीक्षक

ब्लँकेटच्या कारखान्यात खाजूनानांना एकच काम होतं, खाजवायचं. बाकीचे कामगार चोरून खाजवत. नाना टेबलाशी बसून, घड्याळ लावून खाजवत. त्यांना लहानपणापासून इसब होता, कोपराच्या घडीत, मानेवर, गुडघ्यामागे. नवं ब्लँकेट त्यांच्या उघड्या हातावर पसरायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. नाना स्वस्थ राहिले तर शिक्का 'अतिमऊ', एकदा खाजवलं तर 'मऊ', दोन्ही हात कामाला लागले तर माल परत. अशी बावीस वर्षं गेली. साहेब पाहुण्यांना सांगत, "हे आमचं सगळ्यात नाजूक यंत्र."

घरी त्या यंत्राची देखभाल बायको करी. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलई चोळायची, फुटलेल्या जागी स्टेरॉइडचं मलम, तेही बोटाच्या पेरावर मोजून. शेवटी तिनेच त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

"मलमाने आग विझते," डॉक्टर म्हणाले, "पण आतून ती पुन्हा पेटते. ते आतलं पेटवणं रोखणारं इंजेक्शन आहे. दर पंधरा दिवसांनी घ्यायचं."

इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांनी एका सकाळी हाका मारूनही नाना उठेनात. बायकोने घाबरून नाकाशी बोट धरलं. रात्रभर न खाजवता नाना चक्क झोपले होते.

कारखान्यात मात्र अनर्थ झाला. प्रत्येक ब्लँकेट 'अतिमऊ' ठरू लागलं. एका वृद्धाश्रमाने सगळा माल परत पाठवला, सोबत चिठ्ठी: 'आजोबा मंडळी दिवसभर एकमेकांच्या पाठी खाजवत बसतात. जिव्हाळा वाढला, तरी माल परत.'

साहेबांनी नानांच्या हातावर गोणपाट टाकलं. नानांना डुलकी लागली.

"नाना, हंगाम संपेपर्यंत सुई बंद ठेवा. नाहीतर तुमची खुर्ची रिकामी करावी लागेल."

घरी हे ऐकून बायको म्हणाली, "आधी त्यांनी हंगामभर दाढ ठणकत ठेवून दाखवावी."

"मला दुसरं येतं काय गं?"

सुईचा दिवस आला. नानांनी फ्रिजमधून डबी काढली, परत ठेवली, पुन्हा काढली.

"अहो, ते लोणी नाही सारखं आत-बाहेर करायला. काय ते एकदा ठरवा."

नानांनी कोपर दुमडून पाहिलं. कातडी कुठे तडकली नाही. त्यांनी मांडी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सुई बंद होणार नाही, असं सांगून टाकलं. साहेबांनी जाहिरात दिली: 'खाज सुटणारी व्यक्ती पाहिजे. अनुभवाला प्राधान्य.' एक बाई आली, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. काम समजावून खुर्ची सोडायची, एवढंच आता नानांकडे उरलं होतं. त्यांनी तिच्या हातावर ब्लँकेट पसरलं आणि समोर बसले.

चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "राठ आहे."

"तिने खाजवलं कुठे?" साहेब म्हणाले.

"मुलाखतीत कोण खाजवेल? डावा खांदा किंचित वर गेलाय, श्वास अडलाय. त्या मनात आकडे मोजतायत."

"सत्तेचाळीस," बाई दात आवळून म्हणाली.

आणखी तीन ब्लँकेटं झाली. बोट हलायच्या आत नानांनी तिन्ही ओळखली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे एका कामाला आता दोन माणसं. एक खाजणारं, एक बघणारं."

"बघणारा कायम राहील," नाना म्हणाले आणि एका कागदावर डॉक्टरांचा पत्ता लिहून त्यांनी बाईंच्या हातात दिला. "खाजणारं माणूस मात्र वर्षभरात बरं होईल."

"मग पुढे मी काय करायचं?" असं विचारता विचारता साहेब नकळत मनगट खाजवू लागले. नानांनी घड्याळ लावलं आणि आपली खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.