फाटकापुरती हलगी

"टीचर, ते चामड्याचं आहे ना? मग बाहेर चपलांजवळ ठेवा. इथे आपण प्रार्थना घेतो."

शाळेच्या संचालिका मॅडम बोलल्या. आवाज चढवला नाय. हसत हसत बोलल्या. माझ्या हातात अण्णांची हलगी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. वाळूजच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला जातात अन् लग्नसराईत हलगी वाजवतात. बालवर्गातल्या लेकरांना ठेका शिकवावा म्हणून मी ती लई हौसेनं छावणी भागातल्या या शाळेत आणली होती.

तिथंच गादीवर तबला होता, मखमली खोळ घातलेला. त्यालाही बकऱ्याचंच कातडं. मला माहीत होतं. मी म्हणले, "हो मॅडम." गेले अन् बुटांच्या शेजारी हलगी ठेवून आले.

राग यायला पाहिजे होता. नाय आला. अंग बधिर झालं. पेटीवर बसले, सा दिला, लेकरांनी सा म्हटलं. तास संपला.

लाज याची वाटती की मी अडाणी नव्हते. संगीतात एम.ए. केलं. प्रबंध लोकप्रिय गाण्यांच्या इतिहासावर. सिनेमाच्या गाण्यांत हलगी कुठून आली, वाजवणाऱ्यांची नावं तबकड्यांवर का नायत, यावर पानंच्या पानं लिहिली. सरांनी शाबासकी दिली. अन् एवढं शिकून हलगी बाहेर कुणी ठेवली? मॅडमनं तर हात पण लावला नाय. मी ठेवली.

महिन्याभरानं स्नेहसंमेलन आलं. मॅडमनं केबिनमधे बोलावलं.

"तुमचे वडील हलगी वाजवतात ना? पाहुणे आले की फाटकावर वाजवू देत. फेटा बांधून. किती छान वाटेल!"

"आत स्टेजवर पण?"

"आत मुलांचा कार्यक्रम आहे हो. फाटकापुरतं."

घरी सांगितलं तर अण्णा हरखले. "पोरीच्या शाळंत? व्हय म्हण की!" कपाटातून पांढरा शर्ट काढला, इस्त्री शोधायला लागले. मग मी सगळं सांगितलं. चपलांपाशी ठेवल्याचं पण. अण्णांनी शर्टाची घडी घालून तो परत कपाटात ठेवला.

"जाऊ दे गं. दारातच वाजवलंय की आयुष्यभर. आपल्याला काय नवीन हाय?"

मला रडू आलं नाय. मी भ्याले. माझ्या बापाला दुखायचं बंद झालं होतं. अन् माझं? नोकरीला वर्ष नव्हतं झालं, तर माझं पण बंद व्हायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमपुढं उभी राहिले. "अण्णा फाटकावर येणार नायत. वर्गात बोलवा. लेकरांपुढं बसून वाजवतील, अन् लेकरं त्यांना सर म्हणतील."

"टीचर, अशानं इथे जमायचं नाही हं."

"नाय जमलं तर नाय जमलं."

आवाज माझाच होता, पण लांबून आल्यागत वाटला.

नोकरी राहील का जाईल, माहीत नाय. सोमवारी बालवर्गाचा तास आहे. हलगी घेऊन जाणार, पेटीशेजारी ठेवणार, लेकरांना वाजवायला देणार. कुणाला ती बाहेर टाकायची असंल त्यानं स्वतः वाकावं अन् स्वतःच्या हातानं उचलावी. मी उचलणार नाय.