काट्याचा पाठ

बोंडअळीनं दोन वर्षं लागोपाठ कपाशी पोखरली, तेव्हा मी राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत होते. चार वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक. तांड्यात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून रविवारी राळेगावच्या खोलीवर बसून मी इंटरनेटवरचे गणिताचे पाठ उतरवून घ्यायची. सगळे फुकट. फुकटचं ते पौष्टिक, या हिशेबानं मी जे दिसेल ते मोबाईलच्या कार्डात कोंबत होते.

पाठ परदेशी होते. आवाज बंद करायचा आणि बोलायचं काम मी करायचं. अपूर्णांक शिकवायला त्यात पिझ्झा कापत. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "मॅडम, हे भाकर अशी रंगीत काहून हाये?" मी म्हटलं, भाकरच समजा आणि तुकडे मोजा. त्यांनी मोजले. मला वाटलं, आपण मोठं काम करतो आहोत. त्या वर्षी माझं डोकं जरा वरच होतं.

चौथीत एक मुलगी होती. बाकीची पोरं मोबाईलमधली चित्रं बघायची, ही त्यातली रीत बघायची. वजनाच्या पाठात एक गोष्ट तीनदा दाखवली होती: काही टांगण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघा. ते तिनं मनात पक्कं धरलं.

वेचणीचे दिवस होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती आपल्या याडीसोबत, म्हणजे आईसोबत, कापूस वेचायला जायची. संध्याकाळी बाया वेचलेला कापूस कापडात बांधून बांधावर आणायच्या आणि मालक लिंबाच्या फांदीला अडकवलेल्या तबकडीच्या काट्यावर गाठोडी टांगायचा. किलोमागे मजुरी. त्या शनिवारी हिनं गाठोडं टांगायच्या आधीच बोट दाखवलं, "काका, काटा शून्यावर नाही. दोन किलो मागं हाये."

"कोणं शिकवलं तुले?"

"मॅडमनं. मोबाईलमधी."

हे तिनं सोमवारी मला इतक्या आनंदानं सांगितलं की मीही तिची पाठ थोपटली. आपण काय थोपटतो आहोत, ते मला कळलं नाही. त्याच आठवड्यात तिच्या आईला वेचणीला बोलावणं बंद झालं. शेजारच्या दोन शेतांतूनही "बाया पुरल्या" असाच निरोप आला.

मी तणतणत मालकाकडे गेले. तो काही राक्षस नव्हता. झाडाला अर्धी बोंडं किडकी लटकत होती आणि तो ती हातानं तोडून बांधावर टाकत होता. म्हणाला, "मॅडम, कापडाचं वजन कापाचा रिवाज हाये. माह्या बापापासून चालत आला."

"कापड दोन किलोचं असतं का?"

त्यानं आणखी एक किडकं बोंड तोडून बांधावर टाकलं. "जिनिंगवर कापूस इकाले नेला का माह्या गाडीतून ओल हाये म्हणून वजन कापतेत. तिथं पाठवता का तुमची पोरगी?"

मी सायकल हातात धरून पायीच परत आले.

आठवड्याभरानं याडी शाळेत आली. व्हरांड्यात बसली, पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, पोरीनं काटा बरोबर हाये म्हटलं तर मालक कामावर घ्याले तयार हाये. पण ते आयकत नाही आमचं. मॅडमनं सांगतलं तेच खरं म्हणते. तुमीच सांगा तिले, चुकलं म्हणून."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वेचणीचे महिनाभराचे दिवस उरले होते आणि त्यानंतर त्या घराला दुसरं काम नव्हतं. माझा पगार मात्र एक तारखेला होत होता. मी रागावले, कोणावर ते आजही सांगता येत नाही.

दुपारी मी मुलीला जवळ बोलावलं. म्हटलं, "काट्याचं तुझं चुकलं. काही काटे तसेच असतात."

"मंग मोबाईलमधी खोटं सांगतलं?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकाला जाऊन सांगितलं आणि तिची आई कामाला लागली. झालं ते एवढंच. मुलगी रोज शाळेत येत राहिली, पाढेही म्हणत राहिली. पण आधी गणित सुटलं की तिचा हात वर जायचा. आता ती उत्तर पाटीवर लिहायची, पाटी उलटी मांडीवर ठेवायची आणि विचारायची, "मॅडम, किती सांगाचं हाये?"