सूचक तो, अनुमोदक मी

सभा चालवण्यासाठीच देवाने जन्माला घातलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो कॉलेजची तीन वर्षं कराडच्या वसतिगृहात माझ्याच खोलीत राहत होता. त्याला नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. आम्ही सगळे त्याला अध्यक्ष म्हणायचो. तो खरोखरीचा अध्यक्ष होण्याच्या दोन वर्षं आधीपासून म्हणायचो. त्याचं गाव पलूसच्या पुढे, उसाच्या मळ्यांत. वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले, चुलते गावच्या सोसायटीवर पंच. चुलत्यांचं बोट धरून हा सातव्या-आठव्या वर्षापासून सोसायटीच्या वार्षिक सभांना जात होता. बाकीची पोरं तिथे मिळणाऱ्या चिवड्यासाठी जायची, हा मागील सभेचं इतिवृत्त ऐकायला जायचा. एखादा ठराव अनुमोदनाशिवाय पुढे सरकला, तर दाराशी बसून ओरडायचा, "आवं तात्या, अनुमोदन राह्यलं!" पुढे पुढे म्हणे पंच मंडळीच ठराव वाचून झाला की दाराकडे बघायला लागली.

हे बाळकडू घेऊन तो माझ्या खोलीत आला. संध्याकाळी स्टोव्हजवळ बसून म्हणायचा, "मी असं सुचवतो, की आपण चहा घ्यावा." एवढं बोलून गप्प. मी "अनुमोदन" म्हणेपर्यंत काडी ओढायची नाही. एकदा मी चिडून तोंड उघडलं नाही, तर हा मांडी घालून थंड स्टोव्हसमोर पाऊण तास बसून राहिला. शेवटी शेजारच्या खोलीतल्या एकाने दारावरून जाता जाता अनुमोदन दिलं, आणि दोन कप चहा तिघांत वाटून घ्यावा लागला. आणखी एक गंमत म्हणजे सभेत तो छापील पुस्तकासारखं बोलायचा आणि सभा संपली की त्याच क्षणी गावाकडचं बोलायला लागायचा. "सभा संपली असे मी जाहीर करतो" म्हणून लगेच, "चल रं गड्या, लय भूक लागलीया." मधे श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

आमच्या प्राचार्यांनी गुणवंत विद्यार्थी मंडळ म्हणून एक प्रकार काढला होता. ज्यांना साठ टक्क्यांच्या वर गुण, ते सभासद. सभासदाने छातीला बिल्ला लावायचा, पाहुणे आले की हार आणून द्यायचे आणि स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसायचं. यापलीकडे गुणवंतांनी काही करावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. सभागृहाच्या भिंतीवर एक सागवानी फळी होती. तिच्यावर दर वर्षी, जो अध्यक्ष डिसेंबरअखेर मुदत संपेपर्यंत टिकला त्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहायचे. शेवटच्या वर्षी तो अध्यक्ष झाला आणि त्याने त्या आरामशीर मंडळाचं पार मातेरं केलं. पहिल्याच सभेत म्हणाला, "ज्याला समजतं, त्याने न समजणाऱ्याकडे जायचं असतं. पहिल्या रांगेत बसून काय होणार?" दर रविवारी कुठेतरी झाडलोट, आठवड्यातून तीन संध्याकाळी प्रौढांचे वर्ग, दवाखान्यात रुग्णांची पत्रं लिहून देणं, असं सगळं सुरू झालं. सभासद कां-कू करायला लागले. एका सभेला तर त्याच्याशिवाय कोणीच आलं नाही. त्याने रिकाम्या खोलीत गणसंख्येअभावी सभा तहकूब केली, अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारल्या आणि सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे त्याच जागी तहकूब सभा भरवली. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. त्या सभेत "सर्व सभासदांनी रविवारी सकाळी सहा वाजता एसटी स्टँड झाडावा" हा ठराव एकमताने मंजूर झाला. आणि आम्ही झाडला! ठराव मंजूर आहे म्हटल्यावर काय बोलणार?

मंडळाचे नियमही त्यानेच नव्याने लिहिले. त्यांतला एक असा होता, की चाचणी असो, सहामाही असो वा वार्षिक, ज्याचे गुण साठ टक्क्यांच्या खाली जातील त्याचं सभासदत्व आपोआप संपेल. ऑगस्टच्या चाचणीतसुद्धा त्याने हा नियम लावला आणि एका मुलीला एकोणसाठ टक्क्यांवर बाहेर काढलं. ती म्हणाली, "अरे, एका टक्क्यानं काय होतंय?" याचा चेहरा तिच्यापेक्षा जास्त पडला होता, पण मागे हटला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या घरी जाऊन म्हणाला, "सभासद न्हाईस म्हनून काय झालं? वर्गाला बायका तुजी वाट बघत्यात." ती शिव्या देत का होईना, पण गेली.

तो बहात्तरच्या दुष्काळाचा पावसाळा. पाऊस असा फिरकलाच नाही. माझ्या मावशीचं गाव उंब्रजपासून आत दोन कोसांवर. तिथली पिण्याच्या पाण्याची विहीर गाळाने भरली होती आणि बायका कोसभरावरून पाणी आणत होत्या. हे मीच एकदा बोलता बोलता त्याला सांगितलं आणि पस्तावलो, कारण पुढच्या रविवारी आम्ही अठरा गुणवंत घमेली-फावडी घेऊन मावशीच्या दारात उभे होतो. याने तिथेही आधी प्रास्ताविक केलं, मग उद्देश सांगितला, आणि ग्रामस्थांचे आभार मानायला सुरुवात केली तेव्हा मावशी पुढे झाली. म्हणाली, "आवं अध्यक्ष, आभार मागनं माना. आदी खाली उतरा." भाषण अर्धं टाकून तो विहिरीत उतरला. त्याचं भाषण अर्ध्यावर राहिलेलं मी त्याच दिवशी पाहिलं.

तीन आठवडे आम्ही जात होतो. पायऱ्यांवर रांग करून गाळाची घमेली हातोहात वर द्यायची. खाली उभा तो, आणि माझ्या मावशीचं त्याच्याशी असं काही जमलं की माझ्या ताटात भाकरी आणि त्याच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा. सहामाही परीक्षा चार दिवसांवर आली तरी पाण्याचा पत्ता नव्हता. तेव्हा त्याने विहिरीच्या काठावरच सभा घेतली आणि ठराव मांडला: "सभासदांनी अभ्यासासाठी परत जावे. अध्यक्षांनी काम संपेपर्यंत थांबावे." आणि आमच्याकडे बघत राहिला. मला अर्थशास्त्राची धास्ती होती, पाठ भरून आली होती, कधी एकदा खोलीवर जाऊन पुस्तक उघडतो असं झालं होतं. मी म्हणालो, "अनुमोदन." गाव माझ्या मावशीचं, आणि मी त्याला तिथे ठेवून निघून आलो. मावशी आमची उष्टी ताटं उचलून आत गेली.

अर्थशास्त्राच्या पेपरला तो चाळीस मिनिटं उशिरा आला. विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल, हाताची बोटं सोललेली. माझ्या बाकाजवळून जाताना हळूच म्हणाला, "लागलं गड्या, पानी लागलं," आणि जागेवर बसून इतका वेळ हसत राहिला की पर्यवेक्षकांनी त्याला दोनदा हटकलं. त्याने काय लिहिलं कोणास ठाऊक. दिवाळीनंतर निकाल लागला. छप्पन टक्के.

नियमाची आठवण आम्ही कोणीच काढली नाही. हाच नोटीस बोर्डावर सभेची सूचना लावून मोकळा झाला. विषय क्रमांक एक: अध्यक्षांचे सभासदत्व. सभेत तो खुर्ची सोडून खाली बसला, कारण ज्याचा प्रश्न त्याने खुर्चीत बसायचं नसतं, आणि मला उपाध्यक्ष म्हणून वर बसवलं. तेव्हा एकोणसाठवाली मुलगी उठली. सहामाहीत त्रेसष्ट मिळवून ती परत आली होती. तिने दुरुस्ती मांडली, की सेवाकार्यामुळे कमी झालेले गुण धरू नयेत. टाळ्या पडल्या. मला हायसं वाटलं. पण हा उठला. नोंद होईपर्यंत आपण सभासद आहोत असं म्हणून त्याने त्या दुरुस्तीविरुद्ध वीस मिनिटं भाषण केलं. मुद्देसूद, नम्र, बिनतोड. उद्या कोणीही फावडं दाखवून अभ्यास चुकवील, आणि मग गावाला वाटेल की ही पोरं आपल्या कामाची किंमत वसूल करतात, असं तो म्हणाला. इतकं चांगलं भाषण त्याने स्वतःसाठी कधी केलं नव्हतं. मतं घेतली तर दुरुस्ती चार मतांनी पडली. सभा जिंकल्यावर त्याचा चेहरा नेहमी फुलायचा तसा फुलला, आणि मग आपण काय जिंकलो ते त्याच्या हळूहळू लक्षात आलं. त्याने बिल्ला काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. त्याच्याच नियमाप्रमाणे मी अध्यक्ष झालो.

खोलीवर आल्यावर त्याने एकच गोष्ट सांगितली. "घरी कळवू नगंस रं. दादा समद्या गावाला सांगून बसल्यात, पोराचं नाव फळीवर लागनार म्हनून. मी सांगंन कवातरी." दादा म्हणजे त्याचे वडील. मी प्राचार्यांकडे जाऊन त्याचं नाव लिहा म्हणून विनवलं. ते म्हणाले, "नियम तुमचेच आहेत ना?" आणि जानेवारीत रंगाऱ्याने त्या फळीवर माझं नाव लिहिलं. ते अजून आहे. कॉलेजातून कधी बोलावणं आलं तर मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळीच त्याचे वडील आले. इस्त्रीचा फौजी कोट, छातीवर पदक, पिळदार मिशी. मुलाने तोवर घरी काहीही कळवलेलं नव्हतं. कधी नव्हे ती एक गोष्ट त्याने लपवली होती, आणि वडील सभागृहात शिरताना बघून तो दारातच खांबाला टेकून उभा राहिला. तेव्हा मीच पुढे झालो. दादा फळीसमोर ताठ उभे राहिले आणि वरपासून एकेक नाव बोट धरून वाचत खाली आले. शेवटच्या नावाशी थांबले.

"ह्यो कोन?"

"मी, दादा," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. विहीर, ठराव, परीक्षा, छप्पन टक्के, त्याचं भाषण. अनुमोदन मी दिलं होतं, तेही सांगितलं. माझं संपल्यावर दादांनी विचारलं, "हिरीला पानी लागलं का?"

"लागलं."

"आजून हाय?"

"कंबरभर आहे."

त्यांनी फळीकडे परत बघितलं नाही. दाराकडे वळून मुलाला म्हणाले, "चल. ती हीर दाव मला."

संमेलन तसंच टाकून आम्ही तिघे उंब्रजच्या गाडीत बसलो आणि तिथून ऊन डोक्यावर घेत चालत मावशीच्या गावी पोचलो. विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. मावशीने त्याला पाहून पोहरा पुढे केला. दादांनी कोटाच्या बाह्या मागे सारून ओंजळ धरली आणि सावकाश पाणी प्यायले. मिशीवरून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी काठावर उभं राहून आत वाकून बघितलं आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात दादांनी बराच वेळ काढला नाही, आणि मी त्यांच्या मागे चार पावलांवर उभा होतो. त्या दोघांचा मला तेव्हा हेवा वाटला. अजून वाटतो.